मेलेल्या फोनांची डॉक्टरीण

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात दोघं खोटं बोलतात, एक गिऱ्हाईक आणि दुसरा दुकानदार. गिऱ्हाईक म्हणतं, "पाण्यात नाई पडला वो ताई, असाच बंद झाला," आणि फोन उघडला की टेबलावर टपकन थेंब पडतो. दुकानदार म्हणतो, "बोर्ड गेला, नवा घ्या," आणि गेलेली असते नुसती एक पट्टी. मी इतकी वर्षं या टेबलाशी बसून एक शिकले. गिऱ्हाइकाच्या खोट्याचा राग धरायचा नाही, पण त्यावर भरवसाही ठेवायचा नाही. दुसऱ्या खोट्याबद्दल मात्र मला फार अभिमान होता. ते आपण कधी बोललो नाही आणि बोलणारही नाही, असं मी चारचौघात ऐकवायची. एका दुपारी त्या अभिमानाची चांगलीच परीक्षा झाली, तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

माझं दुकान वर्ध्यात, सिंदी मेघेच्या रस्त्यावर आहे. अजूनही नवा माणूस आत डोकावून विचारतो, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणते, "मिस्त्री समोरच बसली हाये, बोला." काहीजण बोलतात, काहीजण "येतो मंग" म्हणून सटकतात. जाईनात का! त्यांचा फोन फिरून माझ्याकडेच येतो, फक्त तोवर दोन ठिकाणी उघडून आलेला असतो.

तर जुन्या फोनांचं सांगते. प्रत्येक फोनच्या आत एक कारभारी असतो. नंबर कुठे ठेवायचा, फोटो कुठे, कोणतं काम आधी, हे सगळं तो बघतो. पूर्वी या कारभाऱ्यांच्या नाना जाती होत्या. एक बटणांच्या फोनांचा, एक पडद्यावर रंगीत फरशा मांडणारा, एक नुसत्या पत्रव्यवहारात हुशार. मग बाजार आवळत गेला. एकेक कंपनी विकली गेली, एकेक कारभारी घरी बसला, आणि आता साऱ्या जगाच्या फोनांत मिळून दोनच उरलेत. बाकीच्यांसाठी कोणी नवं काही बनवत नाही. फोन चालतो, पण त्याच्याशी बोलायला जग तयार नसतं. एक निवृत्त गुरुजी फरशांचा फोन घेऊन आले होते. "कुंदाताई, याच्यावर कोणाचा निरोपच येत नाई." मी समजावलं की निरोपाचं ॲप बनवणाऱ्यांनी या फोनचं दार बंद केलं आहे. गुरुजी माझ्यावरच डाफरले, "मले न विचारता?" आता काय सांगणार कप्पाळ!

माझ्या बरोबरीच्या दुकानदारांनी जुने सुटे भाग रद्दीच्या भावात काढून टाकले. ते मी उचलले. बटणपट्ट्या, स्पीकर, चार्जिंगच्या खोबण्या, मेलेले फोन सुद्धा. नवरा म्हणाला, "ही मढी कशाले गोळा करून राह्यली?" मी म्हटलं, "कोणाच्या तरी कामी पडतील." खरं म्हणजे मला त्या फोनांची माया होती. उघडायला सोपे, आतून स्वच्छ, पडले तर फरशी फुटायची. बाजारात माझं नाव पडलं मेलेल्या फोनांची डॉक्टरीण.

मनोहरभाऊ याच नावाच्या शोधात माझ्यापर्यंत आले. भाऊ गिरडच्या अलीकडच्या एका खेड्यातले, पन्नाशी ओलांडलेले. पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. आपल्याकडे गावोगाव भजनमंडळं आहेत, आणि मंडळ म्हटलं की खंजेरी आली, पेटी आली आणि पेटीची कुरकुर आली. भाऊ एस.टी.नं गावोगाव फिरून पेट्या उघडतात, आतल्या पितळी पत्त्या कानशीनं घासून सूर लावतात, सैल पट्ट्या बसवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. लग्न केलं नाही, धाकटा भाऊ अरुण आणि त्याचं कुटुंब यांच्यासोबत राहतात.

त्यांच्याकडे बटणांचा स्मार्टफोन होता, आणि त्यात एक बोलणारी बाई बसवलेली होती. बटण दाबलं की ती हिंदीत सांगायची, कोणाचा फोन, किती वाजले, निरोप काय आला. साध्या स्वस्त फोनात ही बाई चालत नाही, तिला तो जुना कारभारीच लागतो. भाऊंनी तिचा वेग इतका वाढवून ठेवलेला की आपल्याला नुसती कढईत मोहरी तडतडल्यासारखी ऐकू यायची. त्या फोनची काच कधीच फुटून काळी पडली होती. मी बदलून देते म्हटलं तर म्हणाले, "काच कोणाच्या कामाची, ताई? फुकट बॅटरी खाते." म्हणजे तो फोन दुरुस्त करताना मीही आंधळीच असायची. आत काय चाललंय ते भाऊ ऐकून मला सांगायचे.

नवा फोन का घेत नाहीत, असं तुम्ही विचाराल. नवे फोनही बोलतात, आणि न दिसणारी तरुण मुलं ते झकास चालवतात, मी पाहिलंय. अरुणनं हौसेनं आणला होता तसा एक. पण पितळ घासून आणि गरम लाख चिमटीत धरून भाऊंच्या बोटांच्या टोकांना असे घट्टे पडलेत की काचेला ते बोट आहे हेच कळत नाही. चारदा दाबलं तर एकदा लागायचं, तेही भलतीकडे. एकदा सरपंचबाईंना व्हिडिओ कॉल लागला आणि बाई तोंडाला हळद लावून बसलेल्या. भाऊंना काही दिसलं नाही, पण बाईंचा आरडाओरडा अख्ख्या गावानं ऐकला. तो फोन मग पुतणीकडे गेला.

जुन्या फोनची एक मोठी गोम होती. ती बोलणारी बाई त्या एकाच फोनच्या बोर्डाला बांधलेली असते. बोर्ड बदलला की ती मुकी होते, आणि तिला पुन्हा बोलतं करून देणारे आता धंद्यात नाहीत. माझ्याकडे तसे पाच-सहा फोन पडले असतील, पण भाऊंसाठी सगळे बिनकामाचे. हाच बोर्ड जगवायचा, एवढा एकच रस्ता.

आता त्या दुपारचं सांगते. बाजूच्या प्लॉटवर सकाळपासून बोअरवेलची गाडी लागली होती. खडखडखडखड, कानात बोटं घालावी तर कामाला हात उरत नाहीत. अशात दारात काठी वाजली. मनोहरभाऊ. घामानं भिजलेले, चेहरा उतरलेला.

"ताई, बाई बोलेना."

"केव्हापासून?"

"कालपासून. चालूच होत नाई."

फोन बंद असताना ते एकटे, लोकांना विचारत विचारत इथवर आले होते. मी पाणी दिलं, फोन उघडायला घेतला, तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. अरुण. दुकानात पाऊल ठेवायच्या आतच त्याचा आवाज आला.

"न सांगता निघून आला! घरी सगळ्यायच्या जिवाले घोर लागला! काऊन असं करतो तू, दादा?"

"सांगतलं असतं तर येऊ देल्लं असतं का तू?"

अरुण माझ्याकडे वळला. "ताई, तुम्हीच सांगा. मागच्या महिन्यात हायवेवर, जाम गावाच्या चौरस्त्यावर हा गाडीतून उतरला. थांबा हलवला होता, याले मालूम नाई. सरळ रस्त्यात चालत गेला. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज इथी बसला हाये." त्यानं तोंडावरचा घाम पुसला. "त्या दिवशी आंगणात सगळ्यायसमोर मी म्हटलं, हा फोन चालू हाये तोवर फिर. ज्या दिवशी बंद पडून पुन्हा उठला नाई, त्या दिवसापासून घरी बस. आणि यानं मंजूर म्हटलं."

"म्हटलं," भाऊ म्हणाले. "शब्द देल्ला. फिरवत नाई."

म्हणजे माझ्यासमोर नुसता फोन नव्हता पडलेला. हा उठला नाही तर हा माणूस उद्यापासून ओसरीवर बसणार होता, आणि पेट्या येतील तेव्हा येतील. भाऊंना मी ओळखत होते. ओसरीवर बसवलेला हा माणूस वर्षभरात वाळून गेला असता.

"कोणी उघडला होता का हो भाऊ?" मी विचारलं.

"नाई."

उत्तर फार लवकर आलं. पण मी लक्ष दिलं नाही, कारण अरुण डोक्यावर उभा आणि बाहेर ती खडखड. बोर्ड बाहेर काढला. तारा लावून बटण दाबलं, मीटरचा आकडा जागचा हलेना. चालू करायच्या बटणापाशी आणि वीज वाटणाऱ्या चिपच्या कडेला पिवळट तपकिरी थर दिसला. आम्ही डाग देताना राळ वापरतो, ती वाळली की अशीच दिसते. वाटलं, मागच्या वेळची माझीच असेल. चिपचा डाग सुटला असेल, तिला गरम हवा देऊन पुन्हा बसवू, असा विचार केला. गरम हवा म्हणजे आमच्याकडची मोठी शस्त्रक्रिया. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर चिप मेली. मी ब्लोअर लावला, तो तापला, आणि मी त्याचं तोंड बोर्डावर वळवलं.

भाऊंनी नाक वर केलं. त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. त्यांनी मान अरुण उभा होता त्या बाजूला वळवली, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिकडे. मला कळेना यांना झालं काय. मी ब्लोअर आणखी जवळ नेला.

"ताई, आग बंद करा!" भाऊ ओरडले. "बंद करा! तो चपडा हाये!"

मी झटकन ब्लोअर बाजूला केला. तेव्हा मलाही वास आला. दाराला पॉलिश करताना येतो ना, तसा, लाखेचा.

झालं होतं असं. फोनचं चालू करायचं बटण सैल झालं होतं. पेटीची पट्टी सैल झाली की भाऊ काय करतात? खाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, बारीक तुकडा घालतात आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्यानं चिकटवतात. वर्षानुवर्षं हात तेच करत आलेला. त्यांनी फोनही तसाच उघडला, नमदा घातला, चपडा सोडला. बटण असं घट्ट बसलं म्हणता! फक्त चपडा खाली उतरून बोर्डावर पसरला, आणि चपड्यातून वीज जात नाही.

"चपडा ओला हाये तोवर, नाईतर नुसता वाळला हाये तोवर, स्पिरिटनं सुटते," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "एकदा आगीत पिकला की मंग कशानंच सुटत नाई. मले बोलाच लागलं."

अरुण टेबलावर हात आपटून म्हणाला, "म्हणजे तूच बिघडवला! आणि मले म्हणत होता, आपोआप बंद झाला! मंग आता बाई बोलली काय, नाई बोलली काय, सारखंच. संपलं."

"अरुण," मी म्हटलं, "शब्द फोन चालण्याचा होता, कोणी बिघडवला त्याचा नाई. भांडण घरी जाऊन करजो. आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलातून स्पिरिट घेऊन ये. जाय." माझी बाटली तळाला गेली होती, आणि खरं सांगायचं तर मला तो पाच मिनिटं नजरेसमोर नको होता.

तो गेला. भाऊ खाली मान घालून बसले. "ताई, लय मोठी चूक झाली ना?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकानं खरं सांगतलं, हेच माझ्या दुकानात पहिल्यांदा झालं. बसा."

अरुण आला. बाटली टेबलावर ठेवली आणि तिथेच उभा राहिला. मी मऊ ब्रशनं थेंब थेंब स्पिरिट सोडू लागले. थर फुगायचा, मऊ पडायचा, मग तो पुसून घ्यायचा. चिपच्या खाली गेलेला चपडा काढताना तर हात थरथरू द्यायची सोय नाही. जरा ओरखडा गेला की बारीक रेघ तुटली, आणि ती जोडायला दिवस जातो.

मान वर केली तेव्हा अरुणनं स्वतःचा फोन माझ्या तोंडासमोर धरलेला. त्यावर मोठ्या अक्षरात टाईप केलं होतं, "ताई जमलं नाई म्हणून सांगा. हात जोडतो. मले भाऊ जिवंत पाह्यजे."

भाऊ हातभर अंतरावर बसलेले. त्यांना ऐकू गेलं असतं म्हणून याने लिहिलं होतं. रागानं माझ्या मस्तकाची शीर उठली. अरे, ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर डोळ्यांनी कट करतोस? पण तोंडावर आलेले शब्द मी गिळले, कारण त्याचे डोळे भरलेले होते. तो वाईट नव्हता. घाबरला होता. ट्रकचा ब्रेक त्यानं ऐकला नसेल, पण रोज रात्री झोपताना तोच ऐकत असेल.

मी पुन्हा बोर्डाकडे वळले. पण मन काही ब्रशावर राहिना. समजा मी नाही म्हटलं. कोणाला कळणार? काच काळी, बाहेर बोअरवेलचा धुमाकूळ. भाऊ मला देव मानतात, मी गेला म्हटलं की गेला. आणि समजा मी हो म्हटलं आणि पुढच्या महिन्यात जामच्या चौरस्त्यावर ट्रकवाल्याचा ब्रेक लागला नाही? मग अरुणसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू?

बोर्ड वाळवला. बॅटरी घातली. बटण दाबून धरलं. काहीच नाही. अरुणनं श्वास सोडलेला मला जाणवला. मी बटणाखालचा नमदा चिमट्यानं काढला, माझ्या मढ्यांतल्या एका फोनची बटणाखालची धातूची टिकली तिथे बसवली आणि पुन्हा दाबलं. फोन माझ्या तळहातात किंचित थरथरला. मी तो कानाला लावला. आधी शांत. मग तीच ती, मोहरी तडतडावी तशी, बोलत सुटली. मला एक शब्द कळला नाही, पण बाई जिवंत होती.

बाहेर खडखड चालूच. भाऊंना काही ऐकू आलं नव्हतं. ते माझ्या दिशेला तोंड करून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. अरुण माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला कळलं. त्यानं खरंच हात जोडले.

फोन कानाला तसाच धरून मी नुसती बसून होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दुसरं खोटं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. जमलं नाही, एवढेच दोन शब्द. मग भाऊंनी विचारलं, "ताई, काय झालं वो? सांगा जे असन ते. मी आयकतो." आणि मला ते जमेना. ज्या माणसानं हरायची तयारी ठेवून खरं सांगितलं, त्याला मी खोटं सांगू? मी फोन त्यांच्या हातात ठेवला.

भाऊंनी तो कानाला नेला. ऐकलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू कोसळलं.

"बोलली," ते म्हणाले. "अरुण, बोलली रे!"

अरुण बाहेर जाऊन गाडीशी उभा राहिला. थोड्या वेळानं आत आला तेव्हा तोंडावर पाणी मारून आला होता. "चाल, बस मागं."

"तू गाडीनं जाय. मी हिंगणघाटच्या बसनं येतो."

"आज तरी बस ना बापा!"

"आज मागं बसलो तर उद्या बी मागंच बसा लागन. फोन चालू हाये. शब्द तुहाच होता."

अरुणनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. त्यानं किक मारली आणि मागे न बघता निघून गेला. भाऊंनी काठी घेतली, "येतो ताई" म्हणाले आणि स्टँडच्या दिशेनं ऑटोत बसले.

त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. एका पोरीचा फोन उलटा जोडला, पुन्हा सोडला. हिंगणघाट येईल, मग जाम येईल, मग तो चौरस्ता. मी हे काय करून बसले? नाही म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? बोअरवेल थांबली होती आणि ती शांतता त्या खडखडीपेक्षा वाईट वाटत होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. मनोहरभाऊ. मी झडप घालून तो उचलला.

"भाऊ! कुठी हाये तुम्ही? ठीक हाये ना?"

"ठीक हाये, गाडीतच हाओ," ते हळू बोलत होते, तोंडाशी हात धरल्यासारखे. "ताई, एक सांगाचं होतं. वर्ध्यापासून अरुणची गाडी बसमागंच येऊन राह्यली. तिचं सायलेन्सर फुटलं हाये, मले आवाज येते. बस थांबली की तोही थांबते."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"त्याचा फोन आला तर त्याले सांगू नोका, मले समजलं म्हणून," भाऊ म्हणाले. "येऊ द्या त्याले मागं मागं. त्याच्याही जिवाले बरं वाटते."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.